जात्यापलीकडची जागा

मराठीतला दुःखाचा सर्वांत मोठा ठेवा कोणा एका कवीच्या नावावर नाही. पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून बसलेल्या बायकांनी तो रचला, गायला आणि पीठ डब्यात भरून त्या पुढच्या कामाला लागल्या. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ११३० च्या आसपासचा. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरी व्हायला तेव्हा अजून दीडशेहून अधिक वर्षं होती. ओवी ग्रंथात शिरली त्याच्या कितीतरी आधीपासून ती बाईच्या कामात आणि तिच्या गळ्यात होती.

अलीकडे कविता आणि साहित्य यांतून मन सावरण्याच्या गोष्टी पुष्कळ कानांवर येतात. शहरांत त्याच्या कार्यशाळा भरतात, समुपदेशक रोजनिशी लिहायला सांगतात, दुःखात असलेल्या मित्राला आपण एखादं पुस्तक नेऊन देतो. यातलं काहीही मला खोटं वाटत नाही. पण या विषयात जितकं खोल जावं तितकं मन एकाच ठिकाणी परत येतं. कवितेनं माणूस सावरतो का, कसा सावरतो आणि तिची ताकद कुठे संपते, हे सगळं जात्यावर शेकडो वर्षं पारखून झालेलं आहे. त्या पारखीत एक गोष्ट होती जी आपण आज विसरतो आहोत. जातं एकटीचं क्वचितच असे. पलीकडे आणखी एक बाई बसलेली असे आणि तिचाही हात त्याच खुंट्यावर असे.

या ओव्या गोळा करण्याचं काम अनेकांनी केलं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या मायेनं मांडल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या खंडांमागून खंड काढले. पण सर्वांत विस्तीर्ण काम पुण्यातून झालं, तेही हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांच्या चिकाटीतून. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे. १९७२ मध्ये ते पुण्यात आले, इथेच राहिले आणि भारताचे नागरिक झाले. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम सुरू होतं. त्या कामात गावोगावच्या बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की या बायका सभेत गप्प बसतात, नवऱ्यासमोर गप्प बसतात, कार्यकर्त्यानं विचारलं तरी ‘बरं चाललंय’ म्हणतात. पण जात्यावर बसल्या की त्यांच्या तोंडून सगळं येतं. बापानं दिलेलं घर येतं, सासूचा शब्द येतो, मेलेलं लेकरू येतं, न आलेला भाऊ येतो.

मग मुळशीतल्या ताराबाई उभे, कुसुम सोनवणे यांच्यासारख्या त्याच मातीतल्या कार्यकर्त्या या कामात उतरल्या. विचारणारी बाई आपल्यातली असली की सांगणारीचा गळा मोकळा होतो. पुढे संगणकाच्या मदतीनं संगीताचा अभ्यास करणारे फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल सोबत आले आणि ध्वनिमुद्रणं झाली. हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांकडून, एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. मार्च २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’नं, म्हणजे ग्रामीण भारताच्या जनसंग्रहानं, हा ठेवा लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. आज तो कोणालाही ऐकता येतो.

तो ऐकावा. वाचून त्याचा अर्धाच अंदाज येतो. छापलेली ओवी दोन ओळींची असते, पण गाणारी बाई त्या दोन ओळी मोडते, पुन्हा जोडते, एखादा शब्द तीनदा फिरवते आणि मध्येमध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे शब्द घालते. चालीला त्या बायका ‘गळा’ म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात, त्याचं चित्रण उपलब्ध आहे. ते पाहताना हे गाणं रामायणातलं आहे हे मी विसरून गेले. ती बाई सीतेविषयी गात नव्हती. सीतेजवळ बसून गात होती.

मुळशीच्या खोऱ्यात एका घरी मला हे जवळून पाहता आलं. घरात जातं होतं, पण पडवीच्या कोपऱ्यात ढकललेलं, वर पाण्याचं प्लास्टिकचं पिंप. घरातल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. ओव्या येतात का विचारलं तर म्हणाल्या, ‘आता कुठल्या ओव्या, ताई. गिरणी आली, ओवी गेली.’ खूप आग्रह केला तरी त्यांना एकही ओवी आठवेना. ओठ हलायचे आणि थांबायचे. त्या टाळत नव्हत्या, खरंच आठवत नव्हतं.

मग त्यांच्या जाऊबाई आल्या, वयानं थोड्या लहान. त्यांनीच सुनेला पिंप बाजूला करायला लावलं आणि जातं पुसून घेतलं. वरच्या दगडाच्या तोंडात कोळ्याचं जाळं होतं, ते बोटानं काढलं. खुंटा सैल झाला होता, त्याच्या बुडाशी चिंधी कोंबून तो पक्का केला. मी म्हटलं, नुसतं फिरवून दाखवलं तरी चालेल. आजींनी मान हलवली. ‘दाण्याबिगर फिरवू नये. दगड दगडाला खातो.’ सुनेनं सुपात नाचणी आणून दिली. दोघी समोरासमोर बसल्या, एक पाय लांब सोडून, एक दुमडून. आजींनी डाव्या हातानं मूठभर वैरण घातली आणि दोघींचे उजवे हात खुंट्यावर एकावर एक आले.

चारपाच फेरे काहीच नाही, फक्त दगडाची घरघर. मग अगदी हळू, जणू स्वतःशीच, आजींनी पहिली ओळ धरली. दुसरी ओळ जाऊबाईंनी उचलली. पहिल्या ओव्या देवाच्या होत्या, जात्यालाच देव मानून त्याला हाक घालणाऱ्या. मग पंढरीची वाट आली. मग माहेर आलं. त्यानंतर सीता आली, रानात एकटी बाळंत झालेली. आणि तिथून एका ओवीत काही न सांगता आजींच्या थोरल्या मुलीचं नाव आलं. सीतेच्या जागी ते नाव ठेवलं गेलं आणि ओवी पुढे गेली. जाऊबाईंनी ते नाव तसंच उचललं, आवाज जराही न बदलता. सून पडवीच्या खांबाला टेकून उभी होती, ती खाली बसली.

नाचणी संपली तसं गाणं थांबलं. आजी पदरानं पीठ झटकत उठल्या आणि चहा ठेवायला सांगितलं. मुलीविषयी मी काही विचारलं नाही. नंतर जाऊबाईंनी अंगणात येऊन सांगितलं, पहिल्याच बाळंतपणात गेली, याला चाळीस वर्षं झाली. ‘घरात तिचं नाव कुणी काढत न्हाई. तिथं येतं तेवढंच.’

त्या पडवीत जे झालं त्याकडे नीट पाहिलं तर त्यात काही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. हाताला काम होतं, त्यामुळे डोळ्यांत डोळे घालून बोलायची सक्ती नव्हती. फेऱ्यांची लय होती आणि श्वासाला त्या लयीवर यावंच लागत होतं. दोन ओळींचं माप ठरलेलं होतं. कितीही मोठं दुःख असलं तरी एका वेळी दोन ओळींइतकंच बाहेर येणार आणि मग दुसरी बाई बोलणार. सीता होती. आपलं म्हणून जे बोलता येत नाही ते तिच्या नावानं बोलता येत होतं. आणि पहिली ओळ हवेत सुटली की ती उचलणारी पलीकडे होती. जाऊबाईंनी सांत्वन केलं नाही, ‘रडू नका’ म्हटलं नाही, उपाय सुचवला नाही. त्यांनी दुसरी ओळ म्हटली.

याच गोष्टी पुढे वेगळ्या वाटेनं विज्ञानाच्या हाती लागल्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांना चार दिवस लागोपाठ, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं. एका गटानं फक्त घटना लिहिली, एकानं फक्त भावना, एकानं दोन्ही. आणखी एका गटाला किरकोळ विषय दिले. लिहून उठल्यावर दुःखाविषयी लिहिणाऱ्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी विद्यापीठाच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. त्यानंतर या पद्धतीवर जगभर शेकडो प्रयोग झाले. २००६ मध्ये जोआन फ्रातारोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. परिणाम खरा होता, आणि लहान होता. लिहिण्यानं मदत होते. चमत्कार होत नाही. हा निष्कर्ष मला धीर देणारा वाटतो, कारण त्यात फसवणूक नाही.

पण त्या सगळ्या संशोधनात माझ्या मनात घर करून राहिलं ते एक वेगळंच निरीक्षण. कोणाला जास्त फायदा होतो, हे शोधायला पेनेबेकर यांनी लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. दुःखाची नुसती उजळणी करणाऱ्यांना तितका झाला नाही. पुढे २००३ मध्ये शेरलॉक कँपबेल यांच्यासोबतच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात सर्वनामं बदलत गेली, म्हणजे आज ‘मी’ जास्त आणि उद्या ‘ती’, ‘ते’, ‘आम्ही’ जास्त, त्यांची तब्येत पुढे अधिक सुधारली. रोज त्याच जागेवरून तेच दुःख पाहणारा अडकून राहतो, जागा बदलून पाहणारा हळूहळू सुटतो.

मुळशीच्या पडवीतल्या ओव्यांचा क्रम पुन्हा आठवा. देव, वारी, माहेर, सीता, लेक. ‘तू’ म्हणून जात्याला हाक, ‘ती’ म्हणून सीता, ‘बाई’ म्हणून समोरची जाऊ, आणि या सगळ्यांत कुठेतरी दडलेली ‘मी’. संगणकाला शब्द मोजून जे सापडलं, ते ओवीच्या घडणीतच आहे. एका ओवीतून दुसरीत जाताना बाईला जागा बदलावीच लागते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जात्याचे दिवस सुखाचे नव्हते. घरातल्या सगळ्यांची भाकरी रोज दळायची, तीही इतर कामं सुरू होण्याआधी, आजारपणात, गरोदरपणात. गावात वीज आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो सोडण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. जातं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. ओवी ही त्या कष्टाची भरपाई होती असं म्हणणंही मला मान्य नाही. ओवी गाऊन सासरचा जाच संपला नाही, दारूडा नवरा सुधारला नाही. मन मोकळं झालं की माणूस पुन्हा तेच सोसायला तयार होतो, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोडून काढता येणार नाही.

राईरकर आणि पॉइटवाँ यांच्या कामाचं मोल मला इथेच सर्वांत जास्त वाटतं. त्यांना नुसता संग्रह करून थांबायचं नव्हतं. डोंगरी संघटनेच्या बैठकांत त्या ओव्या बायकांसमोर पुन्हा ठेवल्या गेल्या. ही ओवी कोणाकोणाला येते? हिच्यात बाप असा का वागला? सीतेनं काय करायला हवं होतं? वर्षानुवर्षं तोंडात असलेलं गाणं बायका पहिल्यांदा समोर ठेवून पाहत होत्या. माझ्या घरात जे घडतं ते शेजारच्या गावातल्या बाईच्या ओवीत जसंच्या तसं आहे, म्हणजे ते माझं नशीब नाही, हे तिथे कळत होतं. मन सावरणं आणि माणूस वाढणं यांतलं अंतर इतकंच आहे. ओवी पहिलं करत होती. दुसऱ्यासाठी बैठक लागली.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या ओव्या ऐकल्या की हे आणखी स्पष्ट होतं. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी तिथे बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या आहेत. माप तेच, गळा तोच. पण ज्या जागी सीता असायची तिथे भीमराव आहेत, रमाई आहेत, शिक्षण आहे, दीक्षा आहे. शतकानुशतकं सोसण्याचं सांगणारी ओवी या बायकांनी मान ताठ करून उभी केली. साहित्यानं माणसाची वाढ होते म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी त्यांना या ओव्या ऐकवीन.

पलीकडची जागा रिकामी असली तर काय होतं, तेही पाहायला हवं.

बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. खानदेशातल्या आसोद्यात १८८० मध्ये जन्म, लहानपणीच लग्न, तिशीच्या आसपास वैधव्य. दळताना, निंदताना, चूल पेटवताना त्या गाणी रचत राहिल्या. आपल्या वैधव्याविषयीही त्यांनी गायलं, हात पाहायला आलेल्या ज्योतिषालाही त्यांनी गाण्यातच परत पाठवलं. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी काही गाणी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्यासमोर आली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. बाकीची गाणी ऐकणारं कोणी जवळ नसताना शेतात म्हटली गेली आणि तिथेच राहिली. जी आपल्यापर्यंत आली ती दोन कानांमुळे आली. मराठीच्या इतिहासात त्या उतरवून घेणाऱ्यांचे मोठे उपकार आहेत.

बेबीताई कांबळे यांची गोष्ट अधिक कठोर आहे. फलटणमध्ये त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. वाचता वाचता दुकानात बसूनच लिहू लागल्या, आपल्या वस्तीतल्या बायकांविषयी, भुकेविषयी, मारहाणीविषयी. लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवलं, तेही थोडेथोडके दिवस नाही, सुमारे वीस वर्षं. मग फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन त्यांना भेटल्या, त्यांनी ते लिखाण मागितलं आणि त्यातून ‘जिणं आमुचं’ बाहेर आलं. आधी ‘स्त्री’ मासिकातून, मग १९८६ मध्ये पुस्तकरूपानं. दलित स्त्रीनं मराठीत लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांपैकी ते एक. लिहिताना बेबीताईंना बळ मिळतच असणार, नाहीतर कोणी इतकी वर्षं लिहीत राहत नाही. पण ती वही मागणारं माणूस भेटलं तेव्हाच त्या लिखाणाला जग मिळालं. डायरी लिहा, असा सल्ला आपण सहज देतो. त्याच्या जोडीला ‘आणि मला वाचून दाखवा, मी ऐकेन’ असं म्हणणारे फार थोडे.

विदर्भात हेच काम रंगमंचावर झालं. वर्ध्याच्या अध्ययन भारती या संस्थेनं श्याम पेठकर यांचं ‘तेरवं’ हे नाटक हरीश इथापे यांच्या दिग्दर्शनाखाली उभं केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी त्यात काम करतात. नवरा गेल्यावर घरात, भावकीत, सरकारी कचेरीत ज्यांना तोंड उघडता येत नव्हतं, त्या शेकडो लोकांसमोर उभ्या राहून बोलल्या. आपलं दुःख पुन्हा पुन्हा मंचावर जगायला लावणं योग्य आहे का, हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. पण पेनेबेकर यांचा तो सर्वनामांचा शोध इथेही उपयोगी पडतो. नाटकातली बाई म्हणजे मी आणि मी नाही, दोन्ही. लिहिलेलं वाक्य आहे, तालीम आहे, सोबत उभ्या असलेल्या बाकीच्या जणी आहेत. ओवीतली सीता इथे भूमिका झाली.

त्या नाटकातल्या वैशाली येडे यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण रद्द झाल्यानंतर मोठा वाद उठला आणि उद्घाटनाचा मान राजूर गावच्या या शेतकरी स्त्रीला मिळाला. संमेलनाच्या अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे, ज्यांनी लोकसाहित्याचा आणि बाईच्या शब्दांचा आयुष्यभर माग काढला. तो वाद ज्या कारणानं झाला ते क्लेशदायकच होतं. पण त्या मंचावर एक विधवा बाई आपल्यासारख्या हजारो जणींच्या वतीनं बोलत होती आणि मराठी साहित्याचं जग खाली बसून ऐकत होतं, हे दृश्य मला त्या भाषेच्या इतिहासात फार मोठं वाटतं. पुढे वैशाली येडे यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली.

आता मर्यादेविषयी, कारण ती न सांगता या विषयावर लिहिणं बेजबाबदारपणाचं होईल. दुःख आणि आजार यांत फरक आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, जीव द्यावासा वाटतो, अशा माणसाच्या हाती कवितासंग्रह ठेवून आपलं कर्तव्य झालं असं कोणी समजू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावं, सोबत बसावं. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही, मोफत बोलता येतं. ताज्या आघातानंतर लगेच ‘लिहून काढ’ म्हणणंही बरोबर नाही. पेनेबेकर स्वतःच सांगतात, की लिहिताना आपण कोसळतो आहोत असं वाटलं तर थांबावं. जात्यावरच्या बायकांनाही हे ठाऊक होतं. त्या आधी देवाच्या, पंढरीच्या ओव्या गात. मन स्थिर झालं की मगच लेकीकडे वळत.

वाचनाचंही तसंच. दुःखात एकट्यानं वाचणं चांगलंच, पण मोठ्यानं, चारचौघांत वाचण्याला वेगळं बळ आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला जेन डेव्हिस यांनी ‘द रीडर’ ही संस्था उभी केली. तिच्या गटांत लोक आठवड्यातून एकदा जमतात, कथा किंवा कविता मोठ्यानं वाचली जाते, मध्येच थांबून ज्याला वाटेल तो बोलतो, ज्याला नको तो गप्प बसतो. आपल्याकडे श्रावणात पोथी लावत, तेव्हा हेच होत असे. श्रीधरांचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ यांपैकी एक पोथी. एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार आणि सबंध आळी ऐकणार. द्रौपदीची विटंबना आली की बायका डोळे पुसत. त्या कोणासाठी रडत होत्या हे कोणी विचारत नसे, आणि तेच त्यातलं शहाणपण होतं.

हे आज कुठे जमेल? माझ्या मनात दोन जागा आहेत. एक, आपली सार्वजनिक ग्रंथालयं. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात हजारो ग्रंथालयांना अनुदान मिळतं आणि त्यांतल्या अनेकांचा वाचनकक्ष संध्याकाळी वर्तमानपत्रांपुरता उरला आहे. तिथे आठवड्यातून एक तास, आठदहा खुर्च्या गोलात, आणि एक माणूस मोठ्यानं वाचणारा. तिथे भाषण नको, कवीचा परिचय नको, सुधारणा सांगणारा तर मुळीच नको. कोणी स्वतः लिहिलेलं आणलं तर ते ऐकावं आणि ‘छान’ म्हणण्याआधी थोडा वेळ जाऊ द्यावा. सुरुवातीला दोनच माणसं येतील. दोन पुरेत, जात्याला दोनच लागत.

दुसरी जागा बचत गटांची. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात बायका ठरलेल्या दिवशी गोलात बसतात, हप्ते मोजतात, सह्या करतात आणि उठतात. त्या गोलाला एकमेकींचे आर्थिक व्यवहार माहीत असतात, घरं माहीत असतात, विश्वासही असतो. जात्यावर बसलेल्या ज्या बायका अजून आहेत त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांपैकी एकीला पुढच्या बैठकीला बोलवावं. हिशेबाची वही मिटल्यावर तिच्यासमोर सूप ठेवावं आणि गावात कोणाच्या पडवीत जातं असेल तर तेही आणवावं, नाहीतर तिला ओव्या आठवायच्या नाहीत. पलीकडच्या बाजूला गटातल्या सर्वांत लहान मुलीला बसवावं. दुसरी ओळ तिला येणार नाही. पहिल्या दिवशी तिनं नुसता खुंटा ओढला तरी चालेल.